गाडी विकल्याचा कागद

प्रदूषणवाल्यांचं पथक बोळात शिरलं तेव्हा संपतरावच्या भट्टीत चांदीची मूस लाल झाली होती. दिल्लीवर आठ दिवस धुराचं झाकण बसलं होतं. अकरा वाजून गेले तरी करोलबागेतल्या त्या बोळात दिवे जळत होते, आणि माणसं नाकाला रुमाल बांधून, डोळे चोळत चालली होती. पथकातल्या एकानं आत डोकावून विचारलं, "कोयला?"

भट्टी समोर पेटलेली. खोटं बोलायला जागा नव्हती.

"इतनी मूस उतार लेने दो साहब," संपतराव म्हणाला. "ग्राहक का माल है."

तेवढं त्यांनी करू दिलं. संपतरावनं सांडशीनं मूस उचलली. उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळं तो सांडशी दोन्ही हातांनी धरी. साच्यात चांदी ओतली, तिच्यावरची राख फुंकली आणि तो बाजूला झाला. पथकानं कोळशावर पाणी मारलं. वाफ, राख आणि धूर असा काही उसळला की दुकानातला माणूस दिसेना. मग शटर खाली ओढून त्यावर कागद चिकटवला.

गिरिजा कामावरून येता येता डबा घेऊन तिथं पोचली होती. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथीगृहाच्या स्वयंपाकघरात ती पहाटे साडेपाचपासून पोळ्या लाटायची. डबा हातात धरून ती बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. नवरा फुटपाथावर उकिडवा बसलेला, भुवयांवर राख.

"जेवून घ्या," ती म्हणाली.

"हात कुठं धुवू?" त्यानं विचारलं. नळ शटरच्या आत होता.

चार दिवसांनी कागद निघाला, शटर उघडलं. पण जागेचे मालक लालाजी खुर्ची टाकून समोर बसले. कोळशाची भट्टी आता या जागेत पुन्हा पेटणार नाही. दरवर्षी हाच तमाशा, आणि दंड त्यांच्या नावावर. विजेची भट्टी आणा. महिनाअखेरपर्यंत आणली तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्याला.

"अठरा साल से बैठा हूँ लालाजी," संपतराव म्हणाला.

"इसीलिए तो महीना दे रहा हूँ," लालाजी म्हणाले.

विजेची भट्टी अडीच लाखांची. पन्नास हजार संपतरावजवळ होते. उरलेल्यासाठी तो बँकेत गेला. सोबत गिरिजाला नेलं, कारण फॉर्म तिला वाचता येत. खानापूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी ती दहावी झालेली. तो चौथीतून सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात, मामाबरोबर आधी कानपूरला आणि मग इकडं.

बँकेतल्या साहेबानं कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं.

"संपतरावजी, आपका सिबिल खराब है. पुराना डिफॉल्ट दिखा रहा है. टू-व्हीलर लोन. बारह साल पहले का."

संपतराव हसला. "वो तो कब का निपट गया साहब. गाड़ी बेच के भर दिया था."

"यहाँ तो बकाया है. हर महीने कंपनी भेज रही है. राइट-ऑफ में पड़ा है."

"भर दिया बोला ना."

"तो कागज़ होगा. एनओसी?"

"कागज़ की क्या बात है? मेरी बीवी ने बेची, इसके हाथ से बेची. पूछो इसको." त्यानं गिरिजाकडं हात केला.

साहेबानं गिरिजाकडं पाहिलं. गिरिजानं पदर कपाळापर्यंत ओढला आणि टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत राहिली.

"मैडम?"

"बहुत दिन हो गए," ती म्हणाली.

"देखिए, मैं कुछ नहीं कर सकता. पत्नी के नाम पर भी नहीं होगा, दुकान आपकी है, तो लोन भी आपका. पहले ये क्लियर कराइए."

मग संपतरावचा तोल गेला. तो उभा राहिला. गरिबाला चोर ठरवायला इथं पगार घेता काय, म्हणाला. मशीन खोटं, कंपनी खोटी, तुम्ही सगळे एका थाळीत खाणारे. त्यानं फायलीतले कागद साहेबाच्या टेबलावर भिरकावले. त्यातला एक, साहेबानंच छापून दिलेला सिबिलचा कागद, चहात पडला आणि चहा साहेबाच्या शर्टावर उडाला. रांगेतली माणसं वळून पाहू लागली. पहारेकऱ्यानं येऊन संपतरावच्या दंडाला धरलं, आणि दाराबाहेर सोडलं तेव्हाच हात काढला. गिरिजा मागं थांबून जमिनीवरचे कागद गोळा करत होती. चहात भिजलेला कागद तिनं पदराला पुसला. साहेबानं पाय बाजूला घेतले.

रस्त्यावर येऊन संपतराव पुष्कळ वेळ खोकला. धुरानं त्याची छाती नेहमीच अशी व्हायची. त्यात तेजाबाची इतक्या वर्षांची वाफ.

"गाडी इकल्याचा कागद असंल की," तो म्हणाला. "ज्याला इकलीस त्यानं काहीतरी लिहून दिलं असंल. घरी जाऊन शोध. त्याच्या तोंडावर मारतो."

"शोधते," गिरिजा म्हणाली.

कागद नव्हता. कारण गाडी विकलीच नव्हती.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते ते. संपतरावच्या हातावर वितळलेली चांदी सांडली, आणि तो दोन महिने दवाखान्यात पडून राहिला. पहिल्या आठवड्यात हात कापावा लागतो की काय, असं डॉक्टर म्हणत होते. आधीचे दोन धरून गाडीचे चार हप्ते थकले. एका सकाळी दोन माणसं पहाडगंजातल्या त्यांच्या खोलीसमोर आली. एकानं कागद दाखवला, दुसऱ्यानं चावी मागितली. गिरिजानं हात जोडले, दवाखान्याची चिठ्ठी दाखवली. खालचा चहावाला, वरच्या मजल्यावरच्या बायका, सगळे बघत होते. तिनं चावी दिली. इंग्रजीतल्या कागदावर सही केली. "बस, अब आपका कोई लेना-देना नहीं," असं त्यातला थोराड माणूस म्हणाला, आणि ते ढकलत ढकलत गाडी घेऊन गेले. गाडी सुरू करायला पेट्रोलसुद्धा नव्हतं टाकीत.

त्या दुपारी संपतराव तापात होता. मध्येच डोळे उघडून त्यानं विचारलं, "पैसे कुठनं आणलेस?" आणि गिरिजाच्या तोंडून गेलं, "गाडी इकली. कर्ज फिटलं, वर दवाखान्याचंही भागलं." त्यानं डोळे मिटले. त्याचा चेहरा सैल झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो नीट झोपला.

खरं म्हणजे तिनं माहेरच्या पाटल्या मोडल्या होत्या.

पुढं तो हात बघून कुणी विचारलं की संपतराव सांगायचा, "माझी गाडी ह्या हाताच्या कामी आली." लग्नात सांगायचा, गावी पारावर सांगायचा. ऐकणारे माना हलवायचे आणि गिरिजा चहा आणायला उठायची. बारा वर्षं ती उठत आली होती.

खोलीत एकच ट्रंक होती. दोन दिवस तिनं ती चार वेळा उपसली. अर्पिताच्या शाळेचे दाखले, लसीकरणाची कार्डं, दवाखान्याचे पिवळे पडलेले कागद. संपतराव खाटेवर बसून बघत होता. काम नव्हतं. काम नसलं की त्याला हात कुठं ठेवावेत ते कळत नसे. तो मांडीवरचा तळवा उलटा करी, पुन्हा पालथा करी.

"आई, मैं देखूँ?" अर्पिता म्हणाली. ती एकोणीस वर्षांची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिचं मराठी दिल्लीत वाढलेलं. "तू सारखं तेच तेच काढतेस यार. क्या ढूँढ रही है exactly?"

"तुला न्हाई सापडायचं," गिरिजा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी महेश आला. संपतरावच्या चुलतभावाचा मुलगा. वयानं तिशीचा, लग्न झालेला, दोन मुलं. बारा वर्षांपूर्वी गावाहून आला तेव्हा संपतरावनंच त्याला मूस धरायला शिकवलं होतं. आता तो शेजारच्या गल्लीत दुसऱ्याच्या दुकानात भागीनं बसत होता.

"काकी, एवढं शोधत कशाला बसता?" तो म्हणाला. "ज्याला गाडी विकली त्याचं नाव सांगा. नाहीतर गाडीचा नंबर द्या. आरटीओत माझ्या ओळखीचा आहे. दोन दिवसात निघतं, गाडी कुणाच्या नावावर गेली ते."

"हे बघ, हे डोकं," संपतराव खुश होऊन म्हणाला. "सांग गं नाव."

"एक सरदारजी होता," गिरिजा म्हणाली. "नाव न्हाई आठवत."

"नंबर मला पाठ हाय," संपतराव म्हणाला. महेशनं मोबाईल काढला आणि संपतरावनं एकेक आकडा सांगितला, देवाचं नाव घ्यावं तसा.

दुसऱ्या दिवशी गिरिजानं कामावरून अर्धी सुट्टी घेतली. बँकेतल्या त्या भिजलेल्या कागदावर कंपनीचं नाव होतं. तिथं फोन केला तर ती कंपनी आता दुसऱ्या कंपनीत गेली होती. दुसरीनं सांगितलं, जुनी खाती नोएडाच्या वसुली ऑफिसात आहेत. मेट्रोनं नोएडा. उतरून रिक्षा. चौथ्या मजल्यावर लांबलचक हॉल, त्यात पन्नासेक मुलं-मुली कानाला यंत्र लावून एकाच वेळी बोलत होती. कुणी विनवत होतं, कुणी दटावत होतं. गिरिजाला खुर्ची मिळाली ती इशिता नावाच्या मुलीसमोर. गळ्यात नाव लटकत होतं, म्हणून कळलं.

इशितानं नंबर टाकला. "हाँ आंटी. गाड़ी सरेंडर हुई थी. नीलामी में ग्यारह हज़ार में गई. बाकी जो बचा, वो तो आपका ही रहा ना."

"वो आदमी बोला था, लेना-देना खतम."

"वो तो बोलते हैं," इशिता म्हणाली. वाईट बोलली नाही. मुलगी थकलेली होती. "ब्याज मिला के अट्ठावन हज़ार हो गया. सेटलमेंट में बाईस में कर दूँगी. आज कर दो तो बीस."

वीस हजार. गिरिजा खुर्चीत पुढं सरकली. "फिर बँक लोन देगी?"

इशितानं शेजारच्या टेबलाकडं पाहिलं. मग आवाज खाली आणला. "आंटी, मुझे बोलना नहीं चाहिए. सेटल करोगे तो रिकॉर्ड में 'सेटल्ड' लिखा आएगा. मतलब पूरा नहीं दिया. बैंक फिर भी नहीं देगा. पूरा भरोगे तो 'क्लोज़्ड' आएगा. वो भी चढ़ने में महीना-डेढ़ महीना."

"महिन्यानं जागा जाईल," गिरिजा मराठीतच म्हणाली. इशिताला कळलं नाही, पण तिनं मान हलवली.

परतीच्या मेट्रोत उभं राहायलाही जागा नव्हती. समोरच्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसत होतं, आणि त्यामागं काहीच नाही, नुसता राखाडी धूर. आता गप्प बसून भागणार नव्हतं. महेशचा आरटीओवाला आज ना उद्या सांगणारच. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपल्या तोंडून, एवढंच तिच्या हातात उरलं होतं.

ती सरळ दुकानात गेली. संपतराव भट्टीची राख धूत होता. भट्टी बंद पडली की गलाईवाले हे काम काढतात. वर्षभराची राख, जमिनीवरची धूळ, फुटलेल्या मुशींचे तुकडे कुटून घमेल्यात घ्यायचे, पाणी घालून हलवत राहायचं. हलकं वाहून जातं, जड तळाशी राहतं. बारीक चांदीचा कण कुठं कुठं सापडतो. पाठ मोडायचं काम. गिरिजानं पदर खोचला आणि त्याच्यासमोर दुसरं घमेलं घेऊन बसली. पाणी बर्फासारखं होतं.

बराच वेळ दोघं घमेली हलवत राहिली.

"मी आज नोएडाला गेलते," ती म्हणाली.

"कशाला?"

"गाडीच्या कंपनीत." तिनं पाणी ओतलं, परत घेतलं. "आवं, गाडी मी इकली न्हवती. तुम्ही दवाखान्यात असताना दोघंजण आले आन् घेऊन गेले. मी चावी दिली."

संपतरावचं घमेलं थांबलं नाही. गोल गोल फिरत राहिलं.

"कुणी बघितलं?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांनी."

"चहावाल्यानं?"

"व्हय."

तो चहावाला अजून तिथंच होता. संपतराव रोज सकाळी त्याच्याकडं उभा राहून चहा घ्यायचा.

"मग दवाखान्याचे पैसे?"

"पाटल्या मोडल्या."

"त्या तुझ्या आईकडं ठेवल्यात म्हणालीस."

"न्हाईत आईकडं."

घमेल्यातलं पाणी गढूळ होऊन वाहून गेलं. संपतरावनं तळ बोटानं चाचपला. तळाशी काही नव्हतं. "बारा वर्षं," तो म्हणाला. "बारा वर्षं मी माणसांत बसून सांगतोय, गाडी हाताच्या कामी आली. आन् ऐकणाऱ्यातल्या निम्म्यांना ठाव असंल."

"कुणाला ठाव न्हाई. गल्लीतल्यांनाच."

"गल्लीतच राहतो न्हवं आपण?"

तो उठला. ओल्या हातांनीच चपला घातल्या आणि बाहेर गेला. गिरिजानं उरलेली राख एकटीनं धुतली. बोटं आखडून गेली तेव्हा कुठं तळाशी मोहरीएवढा कण दिसला. तिनं तो कागदात बांधून त्याच्या गल्ल्यात ठेवला.

त्यानंतर तो तिच्याशी बोलेना. घरात होता, जेवत होता, पण बोलणं अर्पितामार्फत. "तुझ्या आईला सांग, मीठ कमी हाय." खोली दहा बाय बाराची. तिघं झोपली की पाय ठेवायला जागा राहत नसे, आणि त्यात हा अबोला चौथ्या माणसासारखा मध्ये पडलेला. सकाळचा चहा तो आता खाली न घेता स्टेशनपर्यंत चालत जाऊन घेई.

"पापा, बस करो ना," अर्पिता एकदा म्हणाली. "आईनं तुमच्यासाठीच केलं होतं. बिल्कुल फालतू में गुस्सा..."

"तू मधी बोलू नकोस."

"मग कोण बोलणार? तुम्ही दोघं तर बोलतच नाही!"

गिरिजानं पोरीला डोळ्यानं गप्प केलं.

पाचव्या दिवशी संपतराव भट्टीसाठी राखलेल्या पन्नास हजारांचं पुडकं काढून खाटेवर बसला. अर्पिता कॉलेजला गेलेली. मार्फत बोलायला कुणी नव्हतं.

"किती म्हणाले ते?" त्यानं भिंतीकडं बघत विचारलं.

"सगळे भरले तर अठ्ठावन. वीसात मिटवतो म्हणतात, पण त्यात नाव साफ होत न्हाई."

"वीस-बीस न्हाई. सगळे." त्यानं पुडकं तिच्याकडं सरकवलं. "ह्यात आठ घाल. पुन्हा कुणी दारात येऊन माझं नाव घ्यायला नको."

आठ हजारांसाठी गिरिजानं कुमुदिनीकडून भिशीचा नंबर आधी मागून घेतला. कुमुदिनी गलाईवाल्यांच्या बायकांची भिशी चालवायची. "एवढी काय नड पडली?" असं तिनं चौघींसमोर विचारलं, आणि मग दिले.

नोएडाला दोघं मिळून गेली. मेट्रोत तो दोन माणसं सोडून उभा राहिला. इशितानं पैसे घेतले, पावती दिली आणि एक अर्ज पुढं केला. कर्जदारानं सही करायची, मग कंपनीचं 'काही बाकी नाही' हे पत्र निघणार. संपतरावनं पेन एका मोकळ्या बोटात आणि अंगठ्यात धरलं आणि जोर देऊन सही केली. अक्षरं मोठी, तिरकी, एकमेकांपासून लांब.

इशितानं कागद मशीनखाली धरला. समोर पडद्यावर जुना अर्ज उघडला. तिथं संपतरावची जुनी सही होती, बारीक, वळणदार, शेवटी एक शेपूट मारलेली.

"अंकल, साइन मैच नहीं हो रहा."

"मेरा ही है."

"सिस्टम रिजेक्ट कर रहा है. फिर से करो."

त्यानं पुन्हा केली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा त्यानं हात टेबलाला टेकवून, जुन्या सहीकडं बघत बघत तशीच शेपूट मारायचा प्रयत्न केला. घाम आला त्याला. मागं रांगेतला माणूस म्हणाला, "भाई साहब, अपना साइन ही भूल गए?"

गिरिजानं त्याचा उजवा हात धरला आणि टेबलावर उताणा ठेवला. चिकटलेली बोटं, तळव्यावरची चकाकणारी कातडी. "जल गया," ती म्हणाली. "लोन के बाद जला. पहले का हाथ ये नहीं है."

इशितानं हाताकडं पाहिलं, मग पडद्याकडं. "आंटी, मैं मान गई. सिस्टम नहीं मानेगा. जिस बैंक में खाता है, वहाँ से साइन अटेस्ट करा लाओ. बैंक का साहब लिख दे कि यही आदमी है, यही साइन है."

पैसे गेले होते. पत्र नव्हतं. खाली उतरताना लिफ्टमध्ये दोघंच होती.

"त्या साहेबाकडं जावं लागंल," गिरिजा म्हणाली.

"तू जा."

"माझी सही न्हाई."

दुसऱ्या दिवशी बँकेत पहारेकऱ्यानं संपतरावला दारातच ओळखलं. गिरिजानं त्याला समजावलं, मग आत सोडलं. साहेबानं एकदा मान वर करून पाहिलं आणि कामाला लागला. दोघं भिंतीलगतच्या बाकावर बसली. दहा वाजले होते. अकराला एक म्हातारी पेन्शन घेऊन गेली. साडेबाराला साहेब जेवायला उठला. संपतराव पाण्याच्या घोटासाठीही उठला नाही. उठलो तर नंबर जाईल, असं त्याला वाटत होतं. नंबर असा काही नव्हताच.

अडीच वाजता साहेबानं बोटानं बोलावलं.

संपतराव टेबलाशी गेला, पण बसला नाही. "साहब, उस दिन मैं गलत बोला. आप सही थे. गाड़ी बेची नहीं थी." त्याला पुढं काहीतरी सांगायचं होतं, पण त्यानं सांगितलं नाही. बायकोचं नाव घेतलं नाही.

साहेबानं अर्ज वाचला. बँकेतल्या कार्डावरची, हात भाजल्यानंतरची सही काढली, ताडून पाहिली. "यहाँ मेरे सामने कीजिए." संपतरावनं केली. साहेबानं शिक्का मारला, खाली आपली सही केली, आणि कागद देताना म्हणाला, "उस दिन की कमीज़ का दाग नहीं गया."

"मैं धुलवा दूँगा साहब."

"रहने दीजिए."

बाहेर आल्यावर संपतराव खांबाला टेकून उभा राहिला. धूर थोडा विरळ झाला होता. समोरच्या इमारतीचे वरचे मजले दिसत होते. "भूक लागली," तो गिरिजाला म्हणाला. अकरा दिवसांत तिच्याशी थेट बोललेला हा पहिला घरगुती शब्द. तिनं रस्त्यावरच्या गाड्यावरून दोन कुलचे घेतले आणि दोघांनी उभ्यानं खाल्ले.

पत्र आठवड्यानं आलं. 'बंद' हा शब्द रेकॉर्डवर चढायला पंचेचाळीस दिवस. तोवर महिना संपला. पन्नास हजारही संपले होते. संपतराव पत्र घेऊन लालाजींकडं गेला. लालाजींनी ते मन लावून वाचलं, घडी घालून परत दिलं, आणि जागा दिल्याचं सांगितलं.

कुणाला, ते संध्याकाळी कळलं. महेश स्वतःच आला. खाटेवर बसला नाही, खोलीच्या दाराशी उभा राहिला.

"काका, तुम्ही रागावणार. पण जागा परक्याकडं गेली असती. एक राजस्थानी पार्टी तयार होती. म्हणून मी हो म्हटलं. भट्टीचं लोन मला मिळतंय. तुम्ही तिथंच बसायचं, तुमच्याच जागेवर. पगार देईन, आणि तुम्हाला परकं..."

"पगार," संपतराव म्हणाला.

"शब्द चुकला काका. म्हणजे... तेच."

"चुकला न्हाई. बस की आधी. गिरिजा, चहा ठेव."

महेश बसला. पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि गुडघ्यावर ठेवला. चहा झाला तरी तो गठ्ठ्यावरून हात फिरवत होता.

"काकी, एक अडचण आहे," तो शेवटी म्हणाला. "बँक जामीनदार मागते. पगारदार, रेकॉर्ड साफ असलेला. काकांचं तर अजून चढलेलं नाही. माझी बायको घरीच असते. गावाकडचं कुणी चालत नाही. तुमचा पगार खात्यात येतो. आणि तुमच्या नावावर एक रुपयाचं कधी काही नाही. बिल्कुल कोरं."

गिरिजा स्टोव्हजवळ उभी होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. संपतराव जमिनीकडं बघत होता. उजवा हात डाव्या हातात धरून बसलेला.

"महेश नाही भरू शकला तर?" अर्पितानं विचारलं. ती पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली होती. "तो आई को भरना पड़ेगा ना? आईच्या फाइलवर येणार?"

महेशचे कान लाल झाले. "मी भरणार नाही असं होईल का गं?"

खाली चहावाल्यानं भांडी आपटली.

गिरिजानं हात पुसले. महेशकडून कागद घेतले, खाटेच्या कडेला बसली आणि वाचू लागली. मराठी नव्हतं, हिंदीही थोडंच. इंग्रजी ओळीखाली बोट ठेवून ती एकेक शब्द अर्पिताला विचारत गेली. अर्पिता सांगत गेली. कुठं कुठं तिलाही येत नव्हतं. अर्धा तास गेला. महेशनं दोनदा मोबाईल बघून परत खिशात ठेवला.

सही करू नये, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. सही नाही केली तर काय होईल, तेही नव्हतं. पण ते तिला माहीत होतं. पन्नाशीला आलेला, एका हाताचा गलाईवाला दिल्लीत कुणी नवा ठेवून घेत नाही.

तिनं पेन मागितलं. पहिल्या पानावर, जिथं महेशनं पेन्सिलनं फुली केली होती, तिथं नाव लिहिलं.

"उद्या किती वाजता येऊ?" संपतरावनं विचारलं.

महेशला आधी कळलंच नाही, की हे आपल्याला विचारलंय. "काका, तुम्ही कधीही या की. तुमचंच दुकान."

"कधीही न्हाई. येळ सांग."

महेशनं काकीकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. कुणी मदतीला आलं नाही.

"नऊ," तो म्हणाला.

"बरं," संपतराव म्हणाला.

गिरिजानं पान उलटलं. पुढच्या पानावर दोन फुल्या होत्या.